शेजाऱ्याने वाट अडवली: नोटीस की बैठक?

पाखाडीवरचा

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, पण या वेळी गळ्याशी आलंय म्हणून लिहितो.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. घरी आई एकटीच असते, वय ७४. मी पनवेलला. रस्त्यावरून घराकडे यायला शेजाऱ्यांच्या आगराच्या कडेने पाखाडी आहे: जांभ्याच्या बावीस पायऱ्या आणि पुढे चाळीसेक पावलं सपाट. आजीची वरात त्याच वाटेने आली म्हणे, आणि आमचा गणपतीही दरवर्षी तिथूनच येतो. गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांनी सपाट भागाच्या तोंडाशी आडवा चिऱ्याचा गडगा घातला, कमरेएवढा. आई आता मागच्या व्हाळातून (ओढ्यातून) दगडांवर पाय ठेवत ये-जा करते. पाऊस चालू आहे, तेव्हा काय ते समजून घ्या.

एका वकिलांशी बोललो. ते म्हणाले, आधी नोटीस, मग दावा आणि मनाईचा अर्ज. मामा म्हणतो गावात बसून मिटव, कोर्टाची पायरी चढलास की शेजार संपला. गणपतीला पंचवीस दिवस उरलेत.

विचारायचं एवढंच, बैठकीने खरंच कुणाचं मिटलंय का? आणि मिटलं ते टिकलं का?

नीरफणस

वाट गाव नकाशावर आहे का? सातबारावर काही नोंद? आधी ते बघा, बाकी नंतर.

अर्धा चाकरमानी

पंचवीस दिवसांची घाई आहे म्हणता? आमच्या सामाईक विहिरीचा दावा माझ्या मुंजीच्या वर्षी लागला. आता माझ्या मुलाची मुंज होऊन गेली.

थट्टा सोडा, पण हे लांबतं कसं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं न्यायाधीश झोपा काढतात. तसं नसतं. आमच्या दाव्यात सुरुवातीला प्रतिवादी अकरा. त्यातले चार मुंबईत, एक बडोद्याला, एकाचा पत्ताच नाही. समन्स बजावता बजावता दोन वर्षं गेली. मग म्हातारी माणसं, एकेक जाणार. कुणी गेलं की त्याचे वारस दाव्यात लावायचे, त्यांना परत समन्स. अकराचे तेवीस झाले. विहिरीला पाणी तेवढंच.

तिरफळ

आमच्या वाडीत असोच प्रकार झालेलो. दोघांनी देवळात नारळ ठेवल्यानी, गुरवान गाऱ्हाणा घातल्यान, आणि दुसऱ्या दिसाक गडगो उतारलो. देवाक भियाले की बायकोक, ता रवळनाथाक म्हायत.

साडेतीन आणे

(आयडीचा अर्थ विचारू नका. सातबारावर माझा हिस्सा तेवढाच आहे.)

बैठकीने मिटलेलं एक उदाहरण माझ्याकडे आहे, आणि ते नऊ पावसाळे टिकलंय. गाव राजापूर तालुक्यातलं. शेजाऱ्याने कौलं उतरवून पत्रा घातला आणि घातला तो हातभर पुढे काढून. त्याच्या पागोळ्या सगळ्या आमच्या खळ्यात. कौलावरून पाणी संथ उतरतं, पत्र्यावरून ते उडीच मारतं. जूनच्या पहिल्या पावसात आमचं सारवलेलं खळं खणल्यासारखं झालं. वडिलांनी आवाज चढवला, तिकडून दुप्पट चढला. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, अदखलपात्र नोंद झाली, दोघांनाही समज देऊन घरी पाठवलं. त्याने काय होणार? पाऊस पोलिसांना विचारून पडत नाही.

शेवटी गावातल्या एका निवृत्त पोस्टमनकाकांनी मनावर घेतलं. त्यांनी बैठक देवळात ठेवलीच नाही. म्हणाले, मोठी सर येईल तेव्हा फोन करा. फोन केल्यावर आले आणि छत्री घेऊन अर्धा तास खळ्यात उभे राहिले. दोघांनाही आपल्या दोन्ही बाजूंना उभं केलं. कुणी काही बोलायचं नाही, फक्त पाणी कुठे पडतं, कुठून वाहतं, कुठे साचतं ते बघायचं. बघता बघता शेजाऱ्याच्याच लक्षात आलं की आमच्या खळ्यातलं पाणी वळून त्याच्याच न्हाणीच्या भिंतीशी मुरत होतं. त्याची भिंत ओली का राहते हे कोडं त्याला चार वर्षं सुटलं नव्हतं!

पत्र्याला पन्हळ लावायची ठरली, खर्च निम्मा निम्मा. पाणी पाइपाने व्हाळाकडे. कागद वगैरे काही केला नाही. अजून चालू आहे. पन्हळीत पाला साठला की जो आधी बघेल तो काढतो.

खडपातला खेकडा

मस्त किस्सा, साडेतीन आणे. पण तुमच्यात दोघांचंही नुकसान होतं म्हणून जमलं. पाखाडीवाल्यांच्या शेजाऱ्याचं काय नुकसान होतंय? काहीच नाही. तो कशाला बैठकीला येईल?

आणि धागाकर्ते, माणूस भर पावसात चिरे आणून गडगा उगाच घालत नाही. इतकी वर्षं वाट चालू होती ना? मग आत्ताच का? काहीतरी गाळलंयत तुम्ही.

पाखाडीवरचा

@नीरफणस, गाव नकाशात वाट दिसत नाही. सातबारावरही नाही.

@खेकडा, तसं विशेष काही नाही. जमिनीचे भाव वाढलेत, माणसं बदलतात.

सुरंगीची वेणी

सगळे बैठकीचे गोडवे गाताहेत म्हणून मुद्दाम दुसरी बाजू लिहिते.

माझ्या मावशीच्या गावात (रायगड जिल्हा, पुढचं विचारू नका) बांधाचा वाद होता. मावशी विधवा. प्रकरण गावकीपुढे गेलं. बैठक देवळाच्या सभामंडपात, रात्री नऊला, सगळे पुरुष. मावशीला बोलावलं नव्हतं. तिच्या वतीने दीर बोलणार असं परस्पर ठरलं, आणि दिराला त्याच बांधात रस. निर्णय काय लागला असेल ते सांगायला नको. तिने मान्य नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे कामाला गडी येईनात, हळदीकुंकवाला बोलावणं नाही, आणि पालखी तिच्या दारात थांबलीच नाही. पालखी दारावरून पुढे गेली म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्यांना कळणार नाही.

यालाही लोक ‘गावातच मिटवलं’ म्हणतात. असं वाळीत टाकणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मावशी शेवटी कोर्टातच गेली. कोर्टाने उशीर केला, पण निदान तिचं नाव पुकारलं.

म्हणून माझा प्रश्न एकच: तुमच्या बैठकीत आई बसणार आहे का? रोज त्या वाटेने चालते ती.

अर्धा चाकरमानी

+१. पालखीचं वाचून गलबललं.

बांधावरचा माड

सुरंगीताई, तुमचं दुःख खरं आहे, पण त्यावरून सगळ्या गावबैठकांना धोपटणं बरोबर नाही. आर. आर. आबा गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगाव समित्या झाल्या. मी आमच्या समितीत होतो. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, बीटचा हवालदार सगळे एका सतरंजीवर बसायचे. ज्या कामाला माणूस चार कचेऱ्या फिरला असता ते एका संध्याकाळी व्हायचं. आम्ही भावाभावांचे दोन वाद असे मिटवले की आज ते एका ताटात जेवतात.

सुरंगीची वेणी

माड भाऊ, आणि किती असे मिटवले की फक्त रजिस्टरमध्ये मिटले? बक्षिसासाठी आकडा हवा म्हणून ‘समझोता झाला’ लिहून सह्या घेतलेल्या मी पाहिल्यात.

बांधावरचा माड

झालं तेही. नाकारत नाही. आमच्याकडे कोंबड्यांचं एक भांडण दोनदा मिटवलेलं दाखवलं होतं.

कोलंबी भात

कोंबड्या त्याच होत्या की वेगळ्या? 😄

होडीवाला

आमच्याकडे मालवणात शेजारी पर्यटकांसाठी खोल्या भाड्याने द्यायला लागला आणि आम्ही बांगडे वाळत घालतो त्याची तक्रार. पर्यटकांना वास येतो म्हणे! समुद्रावर येऊन माशाचा वास नको. शेवटी ठरलं ते असं: त्याच्याकडे बुकिंग असेल तेव्हा तो आदल्या दिवशी सांगतो, आम्ही मागच्या बाजूला वाळवतो, आणि त्याच्या पाहुण्यांना लागणारी मासळी तो आमच्याकडून घेतो. आता तोच विचारतो, आज बांगडे का नाहीत?

काळा कोट

उशिरा आलो. गेली सोळा वर्षं दिवाणी काम करतो, त्यामुळे माझं पोट भांडणांवरच चालतं. तरी सांगतो, अशा वाटेच्या प्रकरणात आधी बसा. मात्र बसताना खालच्या गोष्टी डोक्यात ठेवा, कारण बैठकीत माणसं शब्द चुकवतात आणि मग तेच शब्द कोर्टात त्यांच्या अंगावर येतात.

नकाशात वाट नाही म्हणून घाबरू नका. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून वाट वापरली असेल तर वहिवाटीचा हक्क तयार होतो. ‘हक्क म्हणून’ हे शब्द महत्त्वाचे. शेजाऱ्याच्या परवानगीने वापरत असाल तर पन्नास वर्षं चाललात तरी हक्क होत नाही, कारण परवानगी देणारा ती काढूनही घेऊ शकतो. आणि गावबैठकीच्या कागदात हटकून काय लिहिलं जातं? ‘शेजारी यांनी मोठ्या मनाने जाण्यायेण्यास परवानगी दिली.’ लिहिणाऱ्याला वाटतं छान गोड वाक्य झालं. त्या एका वाक्याने आजीच्या वरातीपासूनचा हक्क तुम्ही स्वतःच्या सहीने सोडलेला असतो. अशी दोन प्रकरणं माझ्या हातून गेलीत.

दुसरं, मुदत. ही वाट तुमच्या शेताकडे किंवा बागेकडेही जात असेल तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे अडथळा काढून मागता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत. ‘पुढच्या अमावस्येला बसू, शिमग्यानंतर बसू’ करत करत हे सहा महिने सहज जातात. समोरचा हुशार असेल तर मुद्दामच घालवतो. तेव्हा गडग्याचे फोटो तारखेसह काढून ठेवा आणि बैठकीलाही शेवटची तारीख घाला.

तिसरं, ठरलेलं टिकवायचं असेल तर कागद कसला करता ते बघा. पाचशेच्या स्टँपवर नोटरी केली की झालं असं लोक धरून चालतात. (हो, शंभरचा आता चालत नाही.) जमिनीवरचा वाटेचा हक्क कायमचा लिहून द्यायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. त्याहून सोपा मार्ग म्हणजे दावा लावण्याआधीच तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा आणि समझोता लोकअदालतीपुढे ठेवा. कोर्ट फी नाही. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. गावातली बैठक आणि कोर्टाचा शिक्का, दोन्ही मिळतं.

२०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरण आहे: दोन्ही बाजूंची संमती, तीन मध्यस्थ, परिसराची शांतता बिघडेल असे वाद. पण त्यातच लिहिलंय की असा समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येणार नाही. म्हणून लोकअदालतीचा आग्रह.

नीरफणस

हा प्रतिसाद प्रिंट काढून घरात लावणार.

खडपातला खेकडा

काळा कोट साहेब, फी कुठे पाठवू?

काळा कोट

फणस चालेल. कापा. बरका आम्हाला पचत नाही.

कोलंबी भात

अवांतर: बरका न पचणाऱ्या माणसाच्या कायद्याच्या ज्ञानावर विश्वास ठेवावा का?

शंकू साखळी

भूमी अभिलेखात नोकरी केली, आता निवृत्त. मोजणीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

हद्द कायम मोजणी आणा, पण मोजणीने वाद मिटेल या भ्रमात राहू नका. मोजणी सांगते हद्द कुठे आहे. वाट कुणाच्या हद्दीत आहे हे कळलं तरी त्यावरून चालायचं की नाही हा प्रश्न वेगळाच. उलट मी कित्येकदा बघितलंय, मोजणीआधी माणसं निदान बोलत असतात. खुणा रोवल्या की दुसऱ्या दिवशी काटेरी तार. एकदा तर खूण नेमकी एका घराच्या तुळशीवृंदावनातून गेली. दोन्ही घरं माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच ती तुळस लावली. मी चहा न पिता निघालो.

आणखी एक. शेजाऱ्याच्या सातबारावर नावं किती ते बघून ठेवा. गावात राहणाऱ्या एकाने हो म्हटलं म्हणजे मुंबईच्या भावांनी म्हटलं असं नाही.

साडेतीन आणे

माझ्या आयडीवर चाललेली ही अप्रत्यक्ष टीका मी गोड मानून घेतो.

खडपातला खेकडा

धागाकर्ते कुठे गायब? माझा प्रश्न तसाच आहे. आत्ताच का?

पाखाडीवरचा

बरं. सांगतो. तुम्ही सगळे इतकं मनापासून लिहिताय तर लपवून बरं वाटत नाही.

एप्रिल-मेमध्ये घराची पडवी नव्याने बांधली. चिरे रस्त्यावर उतरवले होते, ते वर न्यायचे. पाखाडीवरून पायऱ्यापायऱ्यांनी न्यायला वेळ लागतो म्हणून गडी शेजाऱ्यांच्या आगरातून आडवे गेले. ठिबकची नळी दोन ठिकाणी फुटली, नवीन लावलेल्या तीन पोफळी तुडवल्या. सिमेंटही त्यांच्या विहिरीच्या कट्ट्याजवळ कालवलं, पाणी जवळ म्हणून. मी तिथे नव्हतो. ठेकेदाराला सांगितलं होतं, बघून घे.

काकांचा (शेजारी वडिलांच्या वयाचे आहेत, काकाच म्हणतो) मला दोनदा फोन आला. दुसऱ्यांदा मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, ‘काका, काय नुकसान झालं असेल ते सांगा, लगेच गूगल पे करतो.’ त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं विषय संपला.

खडपातला खेकडा

😶

तिरफळ

गूगल पे! आता गडग्याक क्यूआर कोड लावल्यानी नाय ह्याच नशीब.

अर्धा चाकरमानी

इथेच माशी शिंकली.

बांधावरचा माड

मालक, तुमच्या वाटेवर गडगा त्या फोनने घातला. चिरे नंतर आले.

पाखाडीवरचा

मान्य. पण त्याची शिक्षा ७४ वर्षांच्या बाईला?

सुरंगीची वेणी

नाही, आईला शिक्षा अजिबात नको, आणि पोफळी तुडवल्या म्हणून वाट अडवायचा हक्कही मिळत नाही. पण आता निदान बोलायला विषय आहे. खेकडा म्हणाला होता ना, शेजाऱ्याचं काय नुकसान होतंय? हे झालं.

माझं ऐकाल तर, मध्ये बसणारा माणूस नीट निवडा. तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष कुणाच्या भावकीतला?

पाखाडीवरचा

काकांच्या चुलत्यांचा मुलगा.

सुरंगीची वेणी

मग तो नको. त्याचाही मान राहू दे, चहाला बोलवा, पण मध्ये दोघांनाही चालेल असं माणूस. शिकवणारं कुणी? दवाखान्यातल्या सिस्टर? बाई असली तर उत्तम. आणि देवळात नको. पोस्टमनकाकांसारखं जागेवर.

नीरफणस

आणि तुम्ही स्वतः जा. व्हिडिओ कॉल करून बसू नका.

कोलंबी भात

आमच्याकडे वाद नाही, फक्त माकडं आहेत. दोन्ही बाजूंचे नारळ नेतात. त्यांच्याशी मध्यस्थी कुणी करेल का?

होडीवाला

त्यांना गूगल पे करा.

भरतीओहोटी

मी रत्नागिरीत फ्लॅटमध्ये राहतो, वरच्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या स्वयंपाकघरात. सोसायटीच्या कमिटीने ‘आपसात मिटवा’ म्हणून पत्र दिलं. आपसात म्हणजे मी बादली ठेवतो, ते आंघोळ करतात. हा धागा वाचून वरती गेलो, त्यांना खाली बोलावलं आणि बादलीशेजारी बसवून चहा दिला. पाच मिनिटांत तीन थेंब त्यांच्या बशीत. प्लंबर सोमवारी येतोय.

साडेतीन आणे

पोस्टमनकाकांना कळवतो, त्यांची पद्धत शहरात पोचली.

काळा कोट

मधल्या काळात कुणीतरी व्यक्तिगत निरोपात विचारलं, बैठक फसली आणि खालच्या कोर्टातही हरलो तर हायकोर्टासाठी मुंबईच का? रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग आता हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहेत, १८ ऑगस्ट २०२५ पासून. रायगड मुंबईलाच. म्हणजे घाट चढायचा की रेल्वे पकडायची एवढाच फरक. तिथवर जाऊच नका.

पाखाडीवरचा

मंडळी, परवा बैठक झाली. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

शुक्रवारी रात्री निघालो, सकाळी पोचलो. आधी एकटाच काकांकडे गेलो. पोफळीची तीन रोपं श्रीवर्धनी मिळतात का बघत होतो, मिळाली, ती घेऊन गेलो. काका पडवीत होते. बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानेच म्हटलं, मे महिन्यात चुकलं, मी स्वतः यायला हवं होतं. ते रोपांकडे बघून म्हणाले, ‘पावसाळ्याच्या आधी आणली असतीस तर लागली असती.’ बस्स. पण रोपं ठेवून घेतली.

मध्ये बसायला बाई मिळाल्या. प्राथमिक शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, काकांच्या मुलांना आणि मला दोघांनाही त्यांच्या हातचा मार माहीत. अध्यक्ष आणि पोलीस पाटीलही आले. बैठक पाखाडीवरच, छत्र्या घेऊन, गडग्याच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे ते.

सुरंगीताई, आईला आणलं. आणि तिने काय केलं? सगळ्यांदेखत आधी मला झापलं. ‘मी याला तेव्हाच म्हटलं होतं, स्वतः ये, काकांना भेट. याला रजा नव्हती.’ ती बोलायला लागल्यावर काकूंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. मग काकांनी त्यांचं सांगितलं, आणि त्यात पोफळींच्या पलीकडचंही निघालं: वरचं बेडं (फाटक) आमचे गडी उघडं टाकून गेल्याने तीनदा गुरं आत शिरली होती. हे मला ठाऊकच नव्हतं.

ठरलं ते असं. गडगा काढायचा. त्या जागी बेडं, खर्च निम्मा निम्मा, कुलूप नाही. वाट चार फूट, टेप लावून मोजली. नळी आणि रोपांचा खर्च माझ्याकडे.

मग कागद. अध्यक्षांनी लिहून आणला होता, आणि काळा कोट साहेब, तुम्हाला साष्टांग नमस्कार. दुसऱ्याच ओळीत ‘मोठ्या मनाने परवानगी’! मी म्हटलं, हा शब्द काढू. काका भडकले. ‘म्हणजे परत न विचारताच येणार तुम्ही!’ दहा मिनिटं सगळं फिसकटल्यात जमा होतं. त्यांना विचारलं जायला हवं होतं आणि मला तो शब्द परवडत नव्हता, दोघंही खरेच.

बाईंनी कागद ओढून घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला दोन वाक्यं लिहिली. पायी जाण्यायेण्याची वाट पूर्वापार वहिवाटीची आहे आणि ती तशीच राहील. बांधकामाचं सामान न्यायचं असेल तर आदल्या दिवशी घरी जाऊन सांगायचं, आणि आगरातून न्यायचं नाही. मग काकांना म्हणाल्या, ‘त्याच्या आईने देवळात जायला तुला विचारायचं का?’ काका म्हणाले, ‘नाही.’ ‘याने चिरे न्यायला विचारायचं का?’ ‘हो.’ ‘मग हेच लिहिलंय.’

सह्या झाल्या. मुंबईच्या दोन भावांच्या बाकी आहेत, सातबारावर त्यांची नावं आहेत (शंकू साखळी, धन्यवाद). एक गणपतीला येतोय. दुसऱ्याला फोनवर ऐकवलं, तो ‘बघू’ म्हणाला. सगळ्यांच्या झाल्या की विधी सेवा समितीकडे अर्ज करणार आहे.

काळा कोट

‘घरी जाऊन सांगायचं’ हे उत्तम. बाईंना माझ्या ऑफिसात जागा आहे. ‘बघू’ म्हणणाऱ्या भावाची सही मात्र आधी घ्या. आणि सहा महिने मोजत राहा, सही होईपर्यंत ते थांबत नाहीत.

सुरंगीची वेणी

आईला माझा नमस्कार सांगा. 

बांधावरचा माड

रजिस्टरमध्ये नोंदवा हो अध्यक्षांना सांगून. हा खराच मिटलाय.

नीरफणस

काका-काकू आरतीला येणार का?

पाखाडीवरचा

विचारलं. काकू येते म्हणाल्या. काका म्हणाले, ‘आवाज ऐकू येतो इथून.’

खडपातला खेकडा

शेवटची शंका. गडग्याच्या चिऱ्यांचं काय केलं?

पाखाडीवरचा

पाखाडीची खालून चौथी पायरी फुटली होती, काकांनी त्यातला एक चिरा तिथे बसवला. न विचारता. इतर पायऱ्यांपेक्षा दोन बोटं उंच झालाय, आई दर वेळी अडखळते. मी बोलू का म्हटलं, तर म्हणाली, गप्प बस.